रसिक शास्त्रज्ञ : डॉ. होमी भाभा

दहावीचा निकाल लागला की आपल्या भिंगारमध्ये घरोघरी एकच हिशोब सुरू होतो. ज्याला गुण भरपूर तो विज्ञान शाखेला, त्याहून थोडे कमी असतील तर वाणिज्य शाखेला आणि उरला तो कला शाखेला. कला शाखा मी आवडीने घेतली असे सांगितले, तरी माझ्या काही नातेवाइकांना ते आजही खरे वाटत नाही. काव्य, नाटक, संगीत ही पोट भरल्यानंतरची चैन आहे आणि बुद्धिमान माणसाने तिच्यात वेळ दवडू नये, अशी या हिशोबामागची समजूत असते.

या समजुतीला परस्पर उत्तर देणारे एक चरित्र विज्ञानाच्याच प्रांगणात आहे. डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे नाव आपण पाठ्यपुस्तकात वाचलेले असते ते भारताच्या अणुशक्ती कार्यक्रमाचे जनक म्हणून. परंतु बीथोव्हेन आणि मोझार्ट यांच्या संगीताने वेडावलेले, ऑपेराचे नेपथ्य तयार करणारे, युरोपातील शहरांत पदार्थविज्ञानाइक्याच ओढीने संगीतगृहे आणि चित्रसंग्रहालये धुंडाळणारे भाभा आपल्याला कुणी फारसे सांगत नाही. मला ते अधिक जवळचे वाटतात. म्हणून या लेखात त्यांची ओळख करून द्यायचे योजिले आहे.

आधी ऑपेराविषयी थोडे सांगायला हवे. आपल्यापैकी बहुतेकांना ऑपेरा हा शब्द माहीत आहे तो मुंबईच्या एका भागाचे नाव म्हणून. चर्नी रोड स्टेशनाजवळच्या ज्या नाट्यगृहावरून तो भाग ओळखला जातो, त्या रॉयल ऑपेरा हाऊसचे उद्घाटन १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते झाले. पुढे त्याच रंगमंचावर बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ यांनी मराठी रसिकांना तृप्त केले. नंतर तिथे चित्रपट दाखवले जाऊ लागले, १९९३ साली ते बंद पडले आणि डागडुजी होऊन २०१६ साली पुन्हा उघडले. अशा रीतीने शब्द आपल्या तोंडी रुळला, पण ती कला मात्र परकीच राहिली.

खरे पाहता मराठी माणसाला ऑपेरा समजायला फारसे जड जाऊ नये. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणले तेव्हापासून गाण्यातून नाटक पाहण्याची सवय आपल्या रक्तात आहे. फरक इतकाच की आपल्या संगीत नाटकात पात्रे बोलतात आणि भाव अनावर झाला की पदाला हात घालतात, तर बहुतेक ऑपेरांत संवादही गाऊनच म्हटले जातात. आपल्याकडे ऑर्गन, तबला आणि सारंगी यांच्यावर भागते. तिथे रंगमंचासमोरच्या खोलगट जागेत पन्नास-साठ वादकांचा ताफा बसलेला असतो. गायक ध्वनिक्षेपकाची मदत घेत नाही. तेवढ्या वाद्यवृंदाला ओलांडून त्याचा आवाज अगदी वरच्या सज्ज्यातील शेवटच्या माणसापर्यंत पोचला पाहिजे. काव्य, संगीत, अभिनय, चित्रकला आणि स्थापत्य या साऱ्या कला तिथे एकाच रात्री एकत्र येतात. भाभांसारख्या माणसाला हेच भावले असावे, असे मला वाटते.

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सधन आणि सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर भाभा हे कायदेपंडित. आजोबा म्हैसूर संस्थानच्या शिक्षण खात्याचे प्रमुख होते. आत्या मेहेरबाई ही सर दोराबजी टाटा यांची पत्नी. घरात ग्रंथ होते, चित्रे होती आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या ग्रामोफोन तबकड्यांचा मोठा संग्रह होता. ज्या वयात इतर मुले पतंगामागे धावत, त्या वयात होमी त्या तबकड्या ऐकत बसे. जहांगीर लालकाका या नामवंत चित्रकाराकडे त्याने चित्रकलेचे धडेही घेतले. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा प्रवास करून तो १९२७ साली इंग्लंडला केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात दाखल झाला.

त्याला तिकडे पाठविण्यामागे घरच्यांचा बेत स्पष्ट होता. मुलाने यंत्र अभियांत्रिकीची पदवी घ्यावी आणि परत येऊन जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात मोठ्या पदावर बसावे. यात वाईट काय होते? आजही हजारो घरांतून असेच बेत होतात. परंतु केंब्रिजची हवा त्या काळी नव्या पदार्थविज्ञानाने भारलेली होती. पॉल डिरॅकसारखे तरुण शास्त्रज्ञ तिथे होते. होमीचे मन यंत्रांवरून उडाले. १९२८ साली त्याने वडिलांना एक पत्र लिहिले. धंदा किंवा नोकरी हा आपला पिंड नाही, पदार्थविज्ञान हीच आपली वाट आहे, असे त्यात त्याने निक्षून सांगितले. आपले म्हणणे पटविण्यासाठी त्याने दाखला दिला तो कुणा शास्त्रज्ञाचा नव्हे, संगीतकाराचा. विज्ञान ही मोठी गोष्ट आहे म्हणून बीथोव्हेनला शास्त्रज्ञ हो असे सांगण्यात काय अर्थ, असा त्याच्या युक्तिवादाचा आशय होता. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा आयुष्याच्या सर्वांत मोठ्या प्रश्नावर वडिलांशी बोलताना बीथोव्हेनची साक्ष काढतो, यावरून ते संगीत त्याच्या किती आत मुरले होते हे कळते.

वडिलांनी पत्र फाडून टाकले नाही, अन् लगेच होकारही दिला नाही. त्यांनी अट घातली. आधी अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण हो, मग गणिताच्या अभ्यासाचा खर्च मी देईन. होमीने अट मान्य केली. जो विषय नकोसा झाला होता त्यात त्याने १९३० साली पहिला वर्ग मिळविला, आणि दोन वर्षांनी गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेतही पहिला वर्ग घेतला. भाभांचे चरित्र सांगताना त्या पत्राचे कौतुक सगळे करतात. मला त्या पत्रानंतरची दोन वर्षे अधिक मोलाची वाटतात. आवडीचा हक्क त्यांनी नावडीचे काम चोख करून मिळविला.

याच केंब्रिजमध्ये त्यांनी विद्यार्थ्यांच्या नाट्यप्रयोगांसाठी नेपथ्य केले. स्पॅनिश नाटककार काल्देरॉनचे नाटक, हेन्डेलची सुझाना ही संगीतकृती आणि मोझार्टचा इडोमेनेओ हा ऑपेरा, असे ते तीन प्रयोग. सबंध दिवस समीकरणांत गढलेला तरुण संध्याकाळी क्रीट बेटाचा समुद्रकिनारा आणि राजवाडा कसा दिसावा याचा विचार करतो, हे चित्र मला फार लोभस वाटते.

इडोमेनेओचे कथानक सांगण्यासारखे आहे. मोझार्टने हा ऑपेरा वयाच्या पंचविसाव्या वर्षी, १७८१ साली म्यूनिक येथे प्रथम रंगमंचावर आणला. ट्रॉयचे युद्ध संपवून क्रीटचा राजा इडोमेनेओ परतत असतो. समुद्रात भयंकर वादळ होते. जीव वाचला तर किनाऱ्यावर जो पहिला माणूस भेटेल त्याचा बळी देईन, असा नवस तो सागरदेवाला करतो. वादळ शमते, राजा किनाऱ्याला लागतो, आणि समोर येतो तो त्याचाच मुलगा. बापाने बोललेल्या शब्दासाठी मुलाने प्राण द्यावेत का, हा सबंध ऑपेराचा पेच आहे. अखेरीस देववाणी होते, मुलगा वाचतो आणि बाप सिंहासन सोडून राज्य त्याच्या हाती देतो. वडिलांच्या इच्छेपासून नुकत्याच सुटलेल्या होमीने नेपथ्यासाठी या कथेवर हात फिरवला हा निव्वळ योगायोगच म्हणायचा. पण हे वाचताना मी काही वेळ थबकलो.

हा ऑपेरा मी मोबाईलवर ऐकला. भाषा इटालियन, एक शब्दही कळत नव्हता. आमची आजी आकाशवाणीवरील नाट्यपदांवर वाढलेली. तिने शेजारच्या खोलीतून विचारले की हे लोक मधे बोलायला थांबतच नाहीत का? परंतु वादळाच्या प्रसंगी सगळा समूह एकदम गाऊ लागला, तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली आणि कुणीतरी बुडते आहे का, असे तिने विचारले. भाषेवाचून तिला प्रसंग कळला होता. ऑपेराचे बळ कशात आहे, हे मला त्या एका प्रश्नातून जितके कळले तितके चार लेख वाचूनही कळले नव्हते.

केंब्रिजनंतर शिष्यवृत्तीच्या आधारे भाभांनी युरोपात पुष्कळ प्रवास केला. झुरिचला पाउली, रोमला फर्मी, कोपनहेगनला नील्स बोर अशा थोरांच्या सहवासात त्यांनी काम केले. त्यांच्या प्रवासाची एक बाजू विज्ञानाची होती, तर दुसरी कलेची. रोम म्हणजे फर्मीची प्रयोगशाळा; पण रोम म्हणजे पुच्चीनीचा टोस्का हा ऑपेरा १९०० साली जिथे प्रथम झाला ते शहरही. पाहुण्याने अशा शहरांतून नुसती व्याख्याने ऐकून परतावे, हे भाभांच्या स्वभावात बसणारे नव्हते. चित्रे आणि संगीत ही त्यांच्या दिनक्रमाचीच अंगे होती. आणि या काळात त्यांचे विज्ञान मागे पडले असेही नाही. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरीविषयीचे त्यांचे गणित आज भाभा विकिरण या नावाने ओळखले जाते, आणि विश्वकिरणांच्या वर्षावाचा उलगडा करणारा भाभा-हाइटलर सिद्धांत १९३७ सालचा आहे.

१९३९ साली ते सुट्टीसाठी भारतात आले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाल्यामुळे इथेच राहिले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या छत्राखाली त्यांनी काम सुरू केले. १९४१ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, तेव्हा वय होते अवघे एकतीस. त्याच वर्षी नागपूरला भरलेल्या विज्ञान अकादमीच्या अधिवेशनात रामन यांनी त्यांची ओळख करून देताना संगीत, चित्रकला, अभियांत्रिकी आणि विज्ञान या चारही गोष्टींचा उल्लेख केला आणि त्यांची तुलना लिओनार्दो दा विंचीशी केली. रामन यांची स्तुती सहज मिळणारी नसे.

१२ मार्च १९४४ रोजी भाभांनी टाटा विश्वस्त निधीला एक पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था काढण्याची योजना मांडली. आपल्या भिंगारच्या वाचकांना या तारखेचे विशेष वाटावे. भिंगारहून नगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, जाताना जो भुईकोट किल्ला लागतो, त्याच्या तटांआड त्या दिवशी पंडित जवाहरलाल नेहरू बंदिवान होते. १९४२ च्या ऑगस्टपासून ते आणि काँग्रेसचे इतर नेते तिथे होते, आणि भाभांच्या पत्रानंतर महिन्याभरातच नेहरूंनी तिथे भारताच्या शोधाचा आपला ग्रंथ लिहावयास घेतला. स्वतंत्र भारत कसा असावा याचा विचार एक जण किल्ल्यात करीत होता, दुसरा बंगलोरच्या प्रयोगशाळेत. पुढे हे दोघे एकत्र आले. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली, १९४८ साली अणुशक्ती आयोग स्थापन होऊन भाभा त्याचे अध्यक्ष झाले, आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे अप्सरा ही भारताची पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली.

किल्ल्याचा विषय निघाला म्हणून व्हिएन्नाच्या ऑपेरागृहाची हकिकत सांगावीशी वाटते. १८६९ साली मोझार्टच्या डॉन जोव्हान्नीने उघडलेले हे गृह १२ मार्च १९४५ रोजी बाँबवर्षावात जळाले. नगर उपाशी असताना ऑपेरागृह बांधायचे का, असे तिथेही कुणी म्हटले असेल. परंतु व्हिएन्नाच्या लोकांनी ते पुन्हा उभे केले, आणि ५ नोव्हेंबर १९५५ रोजी ते उघडताना बीथोव्हेनचा एकमेव ऑपेरा फिडेलिओ निवडला. फिडेलिओ ही तुरुंगाची कथा आहे. अन्यायाने कोंडलेल्या नवऱ्याला सोडविण्यासाठी एक बाई पुरुषवेष घेऊन त्याच कारागृहात चाकरी धरते. त्यातल्या एका प्रसंगी कैदी अंधारातून क्षणभर उजेडात येतात आणि सगळे मिळून गातात. ज्या गावाच्या वेशीजवळ नेहरूंची कोठडी आहे, त्या गावाला हा ऑपेरा परका वाटण्याचे कारण नाही.

याच व्हिएन्नात १९५७ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे मुख्यालय झाले. १९५५ साली जिनिव्हाला भरलेल्या अणुशक्तीच्या शांततामय उपयोगावरील जागतिक परिषदेचे अध्यक्षपद भाभांनी भूषविले होते. पुढे या संस्थेच्या वैज्ञानिक सल्लागार समितीचे ते सदस्य झाले आणि कामानिमित्त व्हिएन्नाला जाऊ लागले. संस्थेची कचेरी १९७९ पर्यंत ग्रँड हॉटेलच्या इमारतीत होती, आणि ती इमारत शहराच्या वर्तुळाकार राजमार्गावर ऑपेरागृहापासून हाकेच्या अंतरावर आहे. दिवसा अणूची चर्चा आणि पलीकडे मोझार्ट व बीथोव्हेन! भाभांसारख्या पाहुण्याला याहून मनाजोगते शहर जगात दुसरे मिळाले नसते.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. भाभा श्रीमंत घरचे होते. तबकड्या, केंब्रिज, युरोपचा प्रवास हे सारे त्यांना जन्माने मिळाले. भिंगारच्या सायकलवर कॉलेजला येणाऱ्या मुलाने त्यांच्याकडून काय घ्यावे? आक्षेप रास्त आहे. तरीही मला वाटते, पैशाने तिकीट मिळते, कान मिळत नाही. त्यांच्याइतके सधन तरुण त्या काळी मुंबईत कमी नव्हते, परंतु ऑपेराचे नेपथ्य करणारा शास्त्रज्ञ एकच झाला. शिवाय ऑपेरा म्हणजे केवळ धनिकांची मिरास हेही पुरते खरे नाही. व्हिएन्नाच्या ऑपेरागृहात उभ्याने ऐकणाऱ्यांसाठी अगदी स्वस्त तिकिटांची सोय असते. विद्यार्थी तासन् तास रांगेत उभे राहतात, आणि आत शिरल्यावर कठड्याला आपला गळपट्टा बांधून जागा धरतात, अशी तिथली जुनी रीत आहे. एस.टी.च्या खिडकीतून आत रुमाल टाकणाऱ्या आपल्या लोकांना ही रीत कुणी समजावून द्यायला नको!

दुसरे असे की भाभांनी आपली रसिकता स्वतःपुरती ठेवली नाही. कुलाब्याला समुद्रकाठी टाटा संस्थेची जी वास्तू १९६२ साली उभी राहिली, तिच्या बांधणीत त्यांनी जातीने लक्ष घातले. बागेतील झाडे कुठे असावीत इथपासून भिंतीवर कोणते चित्र असावे इथपर्यंत सारे ते पाहत. हुसेन यांच्यासारख्या त्या वेळच्या तरुण भारतीय चित्रकारांची चित्रे त्यांनी संस्थेसाठी घेतली. शास्त्रज्ञाने सुंदर वस्तूंच्या सान्निध्यात काम करावे, हा त्यांचा आग्रह होता.

२४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे कांचनगंगा हे विमान आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखरावर आदळले. विमानातील ११७ जणांपैकी कुणीही वाचले नाही. त्यांत डॉ. भाभा होते. ते अणुऊर्जा संस्थेच्या कामासाठी व्हिएन्नालाच निघाले होते. वय छप्पन्न. अवघ्या तेरा दिवसांपूर्वी पंतप्रधान लाल बहादूर शास्त्री ताश्कंदला निवर्तले होते, आणि इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली ती याच दिवशी. भाभांनी लग्न केले नव्हते. मागे राहिल्या त्या त्यांच्या संस्था. तुर्भ्याच्या केंद्राला १९६७ साली त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचे धाकटे बंधू जमशेद भाभा यांनी मुंबईत राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राच्या उभारणीत पुढाकार घेतला, आणि तिथे ऑपेराचे प्रयोग होऊ शकतील असे भव्य नाट्यगृह १९९९ साली उघडले. धाकट्या भावाच्या हातून मुंबईला अशी वास्तू मिळावी, ही गोष्ट मला मोठी हृद्य वाटते.

मित्रहो, भाभांना संगीत आवडे म्हणून कला श्रेष्ठ, असा सोपा निष्कर्ष मला काढायचा नाही. त्यांच्या आयुष्यात कला आणि विज्ञान यांच्यात वरखाली अशी उतरंड नव्हती. दोहोंकडे ते सारख्याच निष्ठेने पाहत आणि दोहोंकडून सारखीच कसोटी मागत. आपण कला शाखेचे विद्यार्थी त्यांच्या नावाची ढाल पुढे करणार असू, तर ती कसोटीही पत्करली पाहिजे. कविता आवडते म्हणून व्याकरण टाळायचे, इतिहास आवडतो म्हणून सनावळीचा कंटाळा करायचा, आणि विज्ञानाकडे तर पाठच फिरवायची, हे त्यांच्या वाटेने जाणे नव्हे. इडोमेनेओचे नेपथ्य करणाऱ्या त्या तरुणाच्या टेबलावर पदार्थविज्ञानाची पुस्तकेही उघडी असत. आपल्या वर्गातल्या एखाद्याने निवांत संध्याकाळी हा ऑपेरा ऐकावा, आणि विज्ञान शाखेतल्या एखाद्या मित्राला बरोबर बसवावे, एवढे या लेखाने साधले तरी मला पुरे आहे.